ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील विद्युत बिघाड कसे शोधावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअर बदलताना झटका बसू लागला किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, की पहिला संशय क्लच प्लेटांवर जातो आणि गिअरबॉक्स खाली उतरवण्याची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात आधुनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा प्रत्येक निर्णय सेन्सर, वायर आणि सोलेनॉइड (विजेने उघड-बंद होणारे व्हॉल्व्ह) यांच्यामार्फत अमलात येतो, आणि या साखळीतील एक सैल पिनसुद्धा जळालेल्या क्लचसारखी लक्षणे दाखवू शकते. म्हणून गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी विद्युत बाजू मोजमाप करून निर्दोष ठरवावी, हा आग्रह धरून पुढील उत्तरे लिहिली आहेत. त्यातील आकडे सर्वसाधारण आहेत. अंतिम निर्णयासाठी त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकडेच प्रमाण मानावेत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये विजेचे काम नेमके काय असते?

गिअर बदलण्याची प्रत्यक्ष ताकद तेलाच्या दाबातून येते. ते तेल कोणत्या क्लचकडे, केव्हा आणि किती दाबाने जावे, हे विजेवर ठरते. ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, हा या व्यवस्थेचा मेंदू आहे. काही गाड्यांत तो इंजिनाच्या ईसीयूमध्येच, म्हणजे इंजिन नियंत्रक संगणकातच, सामावलेला असतो, तर काहींत गिअरबॉक्सच्या पोटात, तेलातच बसवलेला असतो. जर्मनीच्या झेडएफ कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या सहा गिअरच्या ६एचपी मालिकेत व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचे मार्ग आणि व्हॉल्व्ह असलेला ठोकळा) आणि टीसीएम यांचा असा एकत्रित संच आहे, आणि त्याला मेकाट्रॉनिक म्हणतात.

टीसीएमकडे येणारी माहिती मुख्यतः पाच ठिकाणांहून येते: इनपुट शाफ्टचा वेग, आउटपुट शाफ्टचा वेग, तेलाचे तापमान, गिअर लिव्हरची स्थिती आणि ब्रेकचा स्विच. इंजिनाचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, हे ईसीयूकडून डेटा वायरवरून कळते. टीसीएमकडून बाहेर जाणारे आदेश तीन प्रकारच्या सोलेनॉइडांना मिळतात: गिअर बदलणारे, तेलाचा दाब ठरवणारे आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग) लॉक करणारे. बिघाड शोधताना तो येणाऱ्या माहितीत आहे, जाणाऱ्या आदेशात आहे, की या दोहोंना लागणाऱ्या वीजपुरवठ्यात आणि अर्थिंगमध्ये आहे, हे आधी ठरले तर निम्मे काम तेथेच होते.

बिघाड विजेचा आहे की यांत्रिक, हे गिअरबॉक्स न उघडता ओळखता येते का?

बहुतांश वेळा येते. सर्वांत उपयोगी खूण म्हणजे कोड, म्हणजे टीसीएमने नोंदलेल्या दोषाचा क्रमांक, केव्हा परत येतो ही. स्कॅनरने कोड पुसून, इंजिन सुरू न करता फक्त चावी चालू स्थितीत आणल्यावर लगेच कोड परत आला, तर टीसीएमला आपल्या सर्किटमध्येच दोष दिसला आहे. वायर तुटलेली असेल, शॉर्ट असेल किंवा सोलेनॉइडची गुंडाळी खराब असेल. तोच कोड काही अंतर गाडी चालवल्यानंतर, विशिष्ट गिअर पडतानाच परत येत असेल, तर सर्किट शाबूत असून अपेक्षित परिणाम घडत नाही, असे समजावे. तेव्हा घसरणारा क्लच, अडकलेला व्हॉल्व्ह किंवा कमी झालेले तेल यांचा विचार पुढे येतो.

दुसरी खूण कोडच्या अर्थातच असते. पी०७५३ हा कोड पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या विद्युत सर्किटाबद्दल बोलतो. पी०७३१ ते पी०७३५ हे कोड पहिल्या ते पाचव्या गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचे सांगतात. त्यामागे बहुधा घसरण असते, पण वेग मोजणारा सेन्सर खोटे सांगत असेल तरीही हेच कोड येतात. हा अपवाद लक्षात न घेतल्यामुळे अनेक चांगले गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात.

तिसरी खूण लक्षणाच्या स्वभावात दिसते. झीज हळूहळू वाढते आणि सहसा मागे फिरत नाही. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तासभर उत्तम चालत असेल, पावसात बिघडत असेल किंवा खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर गिअर सोडत असेल, तर आधी वायरिंगकडे पाहावे.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आहे. गिअरबॉक्स निकामी झाला का?

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. टीसीएमला एखाद्या सर्किटवर विश्वास ठेवता येईनासा झाला, की तो सोलेनॉइडांचा पुरवठा बंद करतो. याला लिंप मोड म्हणतात. वीज बंद झाल्यावर व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर ठरलेल्या जागी येतात आणि रचनेनुसार दुसरा, तिसरा किंवा त्यावरचा एखादा गिअर तेवढा उरतो. रिव्हर्स बहुधा चालू राहतो, कारण त्याचा मार्ग लिव्हरला जोडलेला मॅन्युअल व्हॉल्व्ह उघडतो. बहुतेक रचनांत दाब नियंत्रक सोलेनॉइडचा पुरवठा बंद झाला की तेलाचा दाब कमाल होतो, त्यामुळे एनमधून (न्यूट्रल) डीमध्ये (ड्राइव्ह) येताना जोरदार धक्का बसतो. तो धक्का क्लच वाचवण्यासाठी असतो. लिंप मोडमध्ये गाडी सावकाश जवळच्या सुरक्षित ठिकाणी नेता येते. लांबचा प्रवास मात्र करू नये.

पी०७०० कोड आला आहे. कोणता भाग बदलावा?

कोणताही नाही. पी०७०० म्हणजे टीसीएमने ईसीयूला दिलेला निरोप आहे: माझ्याकडे दोष नोंदला आहे, चेक इंजिनचा दिवा लाव. खरा कोड टीसीएमच्या स्मृतीत असतो आणि स्वस्त कोड रीडर बहुधा तेथपर्यंत पोहोचत नाही. टीसीएम वाचू शकणारा स्कॅनर वापरूनच पुढे जावे.

टीसीएममधून मिळालेला कोडही सर्किटाचे नाव सांगतो, भागाचे नव्हे. पी०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटात दोष. त्या सर्किटात सेन्सर, दोन किंवा तीन वायरी, किमान दोन कनेक्टर आणि स्वतः टीसीएम एवढे घटक येतात. नुसता सेन्सर बदलणे म्हणजे यांपैकी एकावर अंदाजाने पैसे लावणे होय. कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचे तापमान, वेग आणि व्होल्टेज, लिहून ठेवावे. एकदा पुसली गेलेली ही माहिती परत मिळत नाही.

तपासणीची सुरुवात कोठून करावी?

बॅटरीपासून. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसावेत आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. स्टार्ट होताना व्होल्टेज फार कोसळले, तर टीसीएम क्षणभर बंद पडून असंबद्ध कोड नोंदवतो. आपसात काहीही संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम दिसले, की त्या सर्वांना सामाईक असलेली गोष्ट, म्हणजे पुरवठा किंवा अर्थिंग, प्रथम तपासावी.

त्यानंतर मल्टिमीटर एसीवर लावून, इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजमाप घ्यावे. तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल, तर अल्टरनेटरचा डायोड संशयास्पद ठरतो. असा विद्युत गोंगाट स्पीड सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळला, की टीसीएम चुकीचा वेग वाचतो. मग फ्यूज, टीसीएमचा रिले आणि इंजिन व गिअरबॉक्स यांना बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. तेलाची पातळी आणि वास हे विजेचे विषय नाहीत, पण ते तपासल्याशिवाय विद्युत निदानाला अर्थ राहत नाही.

ओहम मोजून वायर ठीक दिसली, तरी बिघाड कायम आहे. असे का होते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचावे, कारण चुकलेल्या निदानांचे मोठे मूळ येथे आहे. ओहम मोजताना मल्टिमीटर वायरमधून अत्यंत क्षीण प्रवाह सोडतो, सहसा एक मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. अनेक तारांच्या वायरमधील सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली, तरी एवढा प्रवाह सहज वाहतो आणि मीटर निर्दोष आकडा दाखवतो. प्रत्यक्ष कामाच्या वेळी सोलेनॉइडला अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर लागतो. तेव्हा ती एकटी तार कमी पडते.

म्हणून वायर तपासायची ती प्रवाह वाहत असताना, व्होल्टेज ड्रॉप मोजून. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, सर्किट चालू करावे, आणि अर्थिंगच्या बाजूसाठी एक टोक भागाच्या अर्थ पिनवर व दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरावे. चांगल्या अर्थिंगमध्ये हा आकडा ०.१ व्होल्टच्या आत असतो. पुरवठ्याच्या बाजूसाठी बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल आणि भागाची पुरवठा पिन यांमध्ये मोजावे, तेथे ०.२ व्होल्टपर्यंत सहसा चालते.

एक हिशेब पाहू. १२ ओहमच्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट मिळाले तर १ अ‍ॅम्पिअर वाहतो. त्याच्या मार्गात गंजलेल्या पिनचा ३ ओहम रोध आला, तर एकूण १५ ओहम होऊन प्रवाह ०.८ अ‍ॅम्पिअरवर येतो आणि २.४ व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. थंड असताना सोलेनॉइड एवढ्यावर कदाचित काम करील. पण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. तेल २० वरून १०० अंशांवर गेले, की १२ ओहमचे जवळपास १५.८ ओहम होतात, प्रवाह आणखी घटतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. गाडी गरम झाल्यावरच गिअर चुकण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

सोलेनॉइड कसा तपासावा?

कनेक्टर काढून, पुरवठा बंद ठेवून रोध मोजावा. फक्त चालू-बंद होणाऱ्या सोलेनॉइडचा रोध साधारणपणे १० ते ३० ओहम असतो आणि दाब कमी-जास्त करणाऱ्याचा बहुतेकदा ३ ते ६ ओहम. सोलेनॉइडच्या पिनेपासून गिअरबॉक्सच्या कवचापर्यंतही मोजून पाहावे. ज्यांची अर्थिंग कवचातूनच होते असे सोलेनॉइड वगळता तेथे सर्किट पूर्णपणे तुटलेले दिसले पाहिजे. हे मोजमाप थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत घ्यावे.

स्कॅनरमधून आदेश देऊन सोलेनॉइड चालू-बंद करता आला, तर टिक असा आवाज ऐकू येतो. तो आवाज आला म्हणजे वीज पोहोचली आणि आतला दांडा हलला, इतकेच सिद्ध होते. तेलाचा मार्ग मोकळा आहे याची हमी त्यातून मिळत नाही. अधिक खात्री हवी असेल तर ऑसिलोस्कोप आणि करंट क्लॅम्प लावून प्रवाहाचा आलेख पाहावा. प्रवाह चढत असताना मध्येच एक छोटी खाच दिसते, तो दांडा हलण्याचा क्षण असतो. खाच नसलेला गुळगुळीत आलेख दिसला, की गुंडाळी ठीक असूनही दांडा जाम असल्याची शंका घ्यावी. हे साधन महाग वाटते, परंतु एक अनावश्यक उतरवणी वाचली तरी त्याचे चीज होते.

स्पीड सेन्सर खराब आहे की क्लच घसरतो आहे, हे कसे कळावे?

स्कॅनरवर इंजिन, इनपुट आणि आउटपुट यांचे वेग एकाच आलेखावर घेऊन गाडी चालवावी. शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने स्कॅनर पाहावा. इनपुटचा वेग एका क्षणात शून्यावर जाऊन तितक्याच झटकन परतला आणि इंजिनाचा वेग मात्र स्थिर राहिला, तर सिग्नल तुटला आहे, कारण फिरणारा जड शाफ्ट असा क्षणार्धात थांबू शकत नाही. उलट, आउटपुटचा वेग स्थिर असताना इंजिन आणि इनपुट हे दोन्ही सावकाश वर सरकू लागले, तर घसरण खरी आहे. आणखी एक पडताळा आहे: टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण लॉक असताना इंजिन आणि इनपुट यांचे वेग जवळपास समान हवेत, आणि आउटपुटच्या वेगाला त्या गिअरच्या गुणोत्तराने गुणल्यावर इनपुटचा वेग मिळायला हवा.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. चुंबक आणि गुंडाळी असलेला दोन वायरींचा सेन्सर स्वतः एसी व्होल्टेज निर्माण करतो आणि ते वेगाबरोबर वाढते; त्याचा रोध बहुधा काही शे ते एक-दोन हजार ओहम असतो. हॉल प्रकारच्या सेन्सरला बाहेरून पुरवठा लागतो आणि तो चौकोनी लाटांचा सिग्नल देतो. हॉल सेन्सरचा रोध मोजण्याच्या भानगडीत पडू नये. त्यातून काही कळत नाही. त्याचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल तपासावा. दोन्ही प्रकारांत सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा बारीक कीस चिकटला असेल, तर सिग्नल बिघडतो. तो कीस पुसण्यापूर्वी कोठून आला, हाही प्रश्न विचारावा.

तेलाचे तापमान उणे ४० अंश दिसते. सेन्सर गेला का?

सेन्सर, कनेक्टर किंवा वायर यांपैकी काहीतरी तुटलेले आहे. या सेन्सरचा रोध तापमान वाढले की कमी होतो, त्यामुळे सर्किट उघडे पडले तर टीसीएमला अतिथंड तेलाचा भास होतो. सेन्सरचा कनेक्टर काढून, दुरुस्ती पुस्तिका परवानगी देत असेल तर वायरींच्या बाजूच्या दोन पिना छोट्या जोडतारेने जोडाव्यात. स्कॅनरवरील आकडा उडी मारून कमाल तापमानावर गेला, तर वायरी आणि टीसीएम दोन्ही चांगले आहेत आणि दोष सेन्सरचाच आहे. आकडा हलला नाही, तर वायर शोधावी.

गाडी पीमध्ये (पार्क) सुरू होत नाही, एनमध्ये होते. कधी लिव्हर पीमधून निघतच नाही. हे दोष एकच आहेत का?

दोन्ही वेगळे आहेत. पहिल्यात लिव्हरची स्थिती सांगणारा रेंज सेन्सर सरकलेला किंवा झिजलेला असतो, अथवा लिव्हरची केबल सैल झालेली असते. स्कॅनरवर लिव्हरची स्थिती पाहत लिव्हर पीपासून डीपर्यंत सावकाश हलवावा; मध्येच चुकीचे अक्षर दिसले, की जागा सापडली.

दुसऱ्यात शिफ्ट लॉकचा सोलेनॉइड सुटत नसतो, आणि त्याला सोडण्याचा आदेश ब्रेकच्या स्विचवर अवलंबून असतो. मागचे ब्रेक लाइट लागतात का, ते आधी पाहावे. लागत नसतील तर फ्यूज किंवा ब्रेक स्विच गेला आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर नेणे मागच्या वाहनासाठीही धोक्याचे आहे.

गिअरबॉक्सच्या कनेक्टरमध्ये तेल दिसले. पुसून लावले तर चालेल का?

पुसणे पुरेसे नाही. तेल कोठून आले ते शोधून ती वाट बंद करावी लागते. कनेक्टरची सील कडक झाली, की गरम तेल पिनांच्या बाजूने बाहेर येते आणि दिव्याच्या वातीत चढावे तसे वायरीच्या बारीक तारांमधून वर चढत थेट टीसीएमपर्यंत पोहोचते. मर्सिडीज-बेंझच्या ७२२.६ या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये १३ पिनांच्या कनेक्टरजवळ होणारी अशी गळती दुरुस्ती करणाऱ्यांना चांगलीच परिचित आहे. तेल स्वतः वीज फारशी वाहू देत नाही, पण त्यातील धातूचे कण आणि फुगलेली रबरी सील पिनांचा संपर्क बिघडवतात. म्हणून टीसीएमचा कनेक्टर उघडून तेथे ओल आहे का, ते पाहावे. सफाईसाठी इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरावा, कारण ब्रेक क्लीनरने काही प्लास्टिक आणि सील खराब होतात.

दोष कधी येतो, कधी येत नाही. तो पकडायचा कसा?

दोष ज्या परिस्थितीत येतो, ती परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते. फ्रीझ फ्रेममधील तापमान येथे उपयोगी पडते. थेट डेटा पाहत वायरिंग एकेका हातभर टप्प्याने हलवावे. एक्झॉस्टजवळचा, ब्रॅकेटवर घासणारा आणि गिअरबॉक्सकडे वळणारा भाग आधी घ्यावा. उष्णतेचा संशय असेल तर हीट गनने कनेक्टर बेताने तापवावा. पिना सैल आहेत का, हे पाहण्यासाठी त्याच मापाची सुटी पिन आत घालून पकड जाणवते का, ते तपासावे. मीटरचे जाड टोक खुपसून पिन रुंदावणे किंवा सुईने वायरीचे वेष्टन टोचणे म्हणजे पुढच्या दोषाची पेरणी आहे. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब घालून मोजावे. साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प टीसीएमच्या सिग्नल वायरीवर कधीही लावू नये.

हे काम करताना गाडी मजबूत स्टँडवर असावी आणि चाके फिरत असताना कोणीही खाली जाऊ नये. हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसल्यास प्रशिक्षण नसताना तिला हात लावू नये.

यू०१०१ कोड आहे आणि स्कॅनर टीसीएमशी बोलत नाही. टीसीएम जळाला का?

यू०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटल्याची नोंद. आधी टीसीएमचा पुरवठा आणि अर्थिंग भारासह, म्हणजे प्रवाह वाहत असताना, तपासावे. बहुतेकांची ही पायरी सुटते. दोन्ही ठीक असल्यास बॅटरी सोडवून कॅनच्या, म्हणजे मॉड्यूलांना जोडणाऱ्या डेटा जाळ्याच्या, दोन वायरींमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्यामुळे एकत्रित आकडा सुमारे ६० ओहम येतो. १२० आला तर एक बाजू तुटलेली आहे, शून्याजवळ आला तर वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. निदान सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर हे मोजता येते, परंतु मध्ये गेटवे (डेटा जाळी एकमेकांपासून वेगळी ठेवणारे मॉड्यूल) असलेल्या गाडीत तेथून पलीकडचे दिसत नाही, म्हणून अशा वेळी टीसीएमच्या कनेक्टरवरच मोजावे.

टीसीएम बदलण्याचा निर्णय केव्हा घ्यावा?

त्याला पुरवठा, अर्थिंग आणि सर्व सिग्नल योग्य मिळत आहेत, बाहेरचे सर्किट तुटलेले किंवा शॉर्ट नाही, आणि तरीही आदेश बाहेर पडत नाही, असे मोजून सिद्ध झाल्यावरच. शॉर्ट झालेल्या सोलेनॉइडमुळे टीसीएमचा आतील भाग जळला असेल आणि सोलेनॉइड तसाच राहिला, तर नवा टीसीएमही जळू शकतो. बऱ्याच गाड्यांत नवा टीसीएम त्या गाडीसाठी प्रोग्राम करावा लागतो. दुसऱ्या गाडीतून काढलेला जसाच्या तसा चालेलच असे नाही.

बॅटरी काढून कोड घालवले तर चालते का?

दोष तसाच राहतो आणि फ्रीझ फ्रेम गमावली जाते. काही गाड्यांत क्लचच्या झिजेनुसार टीसीएमने शिकलेली मूल्येही पुसली जातात, त्यामुळे नंतर काही काळ गिअर कडक पडतात आणि नवाच बिघाड झाल्याचा भास होतो.

दुरुस्ती झाल्याची खात्री कशी करावी?

ज्या चाचणीत दोष सापडला, तीच चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे कामाच्या कागदावर शेजारी-शेजारी लिहावेत. अर्थिंगवर आधी १.१ व्होल्ट पडत होते आणि आता ०.०५ पडतात, ही नोंद 'गाडी आता ठीक चालते' या वाक्यापेक्षा कितीतरी भक्कम असते. त्यानंतर कोड पुसून, कंपनीने सांगितलेली शिकवण्याची प्रक्रिया पूर्ण करावी आणि तेल कामाच्या तापमानावर येईपर्यंत सर्व गिअरमधून गाडी चालवावी. शेवटी पुन्हा स्कॅन करताना प्रलंबित कोडही पाहावेत, कारण काही दोष सलग दुसऱ्या फेरीत दिसल्याशिवाय चेक इंजिनचा दिवा लावत नाहीत.